रविवारी दहा ते बारा

मागच्या आठवड्यात व्हिडिओ कॉलवर मी फोन हातात धरून तुम्हाला घर दाखवत होते. जिन्याखाली भिंतीकडे तोंड करून ठेवलेला बाक दिसला तेव्हा तुम्ही दोघांनी विचारलंत की आजी, त्याच्या पाठीवर तीन लिप्यांत काय लिहिलंय. मी सांगायच्या आतच तुमची आई मागून म्हणाली, "काही नाही, भंगार आहे. घर रिकामं करताना पहिलं तेच जाणार." तिला त्या बाकाचा राग आहे. का, तेही सांगते.

बाकाच्या पाठीवर मराठी, गुजराती आणि उर्दूत एकच वाक्य रंगवलं आहे : कृपया नंबराने यावे. सव्वीस वर्षं हा बाक वरच्या खोलीबाहेर होता. ज्यांच्यासाठी तो केला होता त्यांच्यातला, त्यावर बसून नंबराची वाट पाहणारा माणूस एकच आला, आणि तोही बाक खाली आल्यानंतर.

मी शाळेच्या ऑफिसात चौतीस वर्षं काम केलं. कागद तारखेप्रमाणे लावायची मला सवय आहे. पण त्या वरच्या खोलीत राहणाऱ्या वकीलसाहेबांबद्दल सांगताना तारखा उपयोगी पडत नाहीत, म्हणून आठवेल तसं लिहिते. इंग्रजीत लिहिणं मला सोपं गेलं असतं, तुम्हाला वाचणंही. पण ते मराठीत बोलायचे, आणि त्यांचं बोलणं इंग्रजीत नेलं तर ते कुणी दुसरेच होतील.

त्यांना घरी आणलं मामंजींनी, म्हणजे तुमच्या पणजोबांनी. मामंजींचं चिकपेटेत कापडाचं दुकान होतं. एक दिवस काळ्या कोटाला अस्तर घ्यायला एक किडकिडीत गृहस्थ आले आणि शुद्ध मराठीत घासाघीस करायला लागले. आमचं घराणं पाच-सहा पिढ्यांपासून बेंगळूरचं. आमच्या मराठीत कन्नड इतकं मुरलं आहे की वेगळं काढता येत नाही. ते ऐकून गृहस्थ म्हणाले, "तुमच्या मराठीला आंबवलेल्या पिठाचा वास येतो हो." मामंजी म्हणाले, "सरी, बरं. आणि तुमच्या मराठीला सुक्या मासळीचा." दोघं हसले. महिन्याभरात इंदिरानगरच्या घरातली वरची खोली त्यांना दिली गेली. तेव्हा इथे संध्याकाळी बेडकांचा आवाज यायचा. आता समोर बिअरचं हॉटेल आहे.

ते कराचीचे ज्यू होते. हे ऐकून तुम्ही चक्रावाल, आम्हीही चक्रावलो होतो. कोकणात शेकडो वर्षांपासून ज्यू लोक राहत आले आहेत. तेलाचे घाणे चालवायचे आणि शनिवारी घाणा बंद ठेवायचे, म्हणून गावांनी त्यांना शनवार तेली म्हटलं. यांचे आजोबा अलिबागकडून बोटीने कराचीला नोकरीसाठी गेले, तेव्हा तिकिटाशिवाय दुसरा कागद लागत नसे. वकीलसाहेब तिथेच जन्मले, तिथेच वकील झाले आणि तिथल्या नगरपालिकेवर निवडून आले. त्यांच्या वॉर्डात ज्यूंची जेमतेम पाच घरं. बाकी धोबी, कोळी, गुजराती दुकानदार आणि मराठी बोलणारे झाडूवाले. "मी गटारांवर निवडून आलो," असं ते अभिमानाने सांगायचे. माणसाचा धर्म विचारू नये, त्याच्या नळाला पाणी येतं का ते विचारावं, असं मानणाऱ्या एका उदारमतवादी पक्षाचे ते होते. पक्ष किती मोठा होता, असं तुमच्या आजोबांनी विचारलं तर म्हणाले, "एका टांग्यात बसायचा. पुढे टांगेवालाही सोडून गेला."

मग तिथे लष्कराचं राज्य आलं आणि सभागृहाला कुलूप लागलं. पकडलेल्या लोकांच्या केसेस हे घ्यायला लागले. बाजारात पत्रकं वाटली गेली, की हा माणूस इथला नाहीच, हा त्या ज्यूंच्या देशाचा. एका दुपारी दोन माणसं ऑफिसात आली आणि त्यांनी फार अदबीने सांगितलं, की तुमच्या पत्नी बाजारातून अमुक गल्लीने घरी जातात. त्याच आठवड्यात दोघं नवराबायको लग्नाचं निमित्त सांगून, एकेक ट्रंक घेऊन निघाले.

बेंगळूरला येऊन त्यांनी पहिली गोष्ट केली ती म्हणजे शिवाजीनगरच्या एका सुताराकडून हा बाक करवून घेतला. अक्षरं स्वतः रंगवली. पत्र्याचे वीस बिल्ले कापले आणि त्यांवर आकडे ठोकले. त्यांचं म्हणणं साधं होतं. लोकांनी आपल्याला चार वर्षांसाठी निवडून दिलं. चौदा महिने झाले तेव्हा कुलूप लागलं. शिपाई दाराला कुलूप लावू शकतो, मुदत कमी करू शकत नाही. ज्यांनी निवडलं तेच घरी पाठवू शकतात. तेव्हा मुदत चालू आहे आणि आपण सदस्य आहोत. वॉर्डात दर रविवारी दहा ते बारा ते लोकांना भेटायचे. इथेही दर रविवारी दहा ते बारा ते कोट-टाय घालून, दार सताड उघडं टाकून, टेबलापाशी बसायचे. बारा वाजले की वहीत लिहायचे : आज कोणी आले नाही. खाली सही. त्याच्याखाली दर वेळी एक ओळ : प्रलंबित कामे, अकरा.

ही अकरा कामं त्यांना तोंडपाठ होती. एका कोपऱ्यावरचा दिवा. धोबीघाटाला दुसरा नळ. शाळेमागची भिंत. इथे आमच्या फाटकासमोरचं गटार तुंबून पाणी जिन्यापर्यंत आलं तेव्हा मात्र ते पायजमा वर धरून म्हणाले, "ही माझी हद्द नव्हे." सासूबाईंनी त्यांना तीन दिवस ताक पाठवलं नाही.

तुमच्या आईच्या रागाचं मूळही इथेच आहे. ती सात वर्षांची असताना एका रविवारी वर गेली, एक नंबरचा बिल्ला घेतला आणि बाकावर बसली. शाळेतल्या बाथरूमची कडी मोडली होती आणि कुणी ती दुरुस्त करत नव्हतं, ही तिची तक्रार. वकीलसाहेबांनी घंटी वाजवून तिला आत बोलावलं, चष्मा लावला, पेन उघडलं आणि विचारलं, वॉर्ड कोणता? इंदिरानगर, ती म्हणाली. "मग तुझा सदस्य मी नव्हे," असं सांगून त्यांनी बिल्ला परत घेतला. पोर रडत खाली आली. मी तरातरा वर गेले. लहान मुलीचं ऐकून घेतलं असतं तर काय बिघडलं असतं, असं विचारलं. त्यांनी पेनाचं टोपण लावलं. मग म्हणाले, "सूनबाई, आज हिचं ऐकलं की उद्यापासून मी इथला झालो."

सोमवारी त्यांनी त्या कडीसाठी मुख्याध्यापकांना असा अर्ज लिहून दिला की चार दिवसांत कडी बसली. सोमवारी ते नुसते वकील होते, त्यामुळे चालत होतं. तुमच्या आईला बिल्ला आठवतो, कडी आठवत नाही.

इथे त्यांना वकिली करता येत नव्हती. एका वकिलाच्या ऑफिसात ते जुन्या उर्दू दस्तांचं इंग्रजी भाषांतर करायचे. शुक्रवारी सूर्य मावळायच्या आत काचेच्या पेल्यात पाणी, वर तेल आणि वात घालून दिवा लावायचे. शनिवारी चूल पेटवायची नाही, म्हणून सासूबाई भात आणि सारू वर पाठवायच्या. ताटावरचं झाकण काढण्याआधी ते भांड्याच्या बुडावरचं नाव वाचायचे. वाचायचे म्हणजे सगळंच वाचायचे. दुधाचं कार्ड, गोळ्यांच्या पाकिटातला बारीक कागद, बसच्या तिकिटाची मागची बाजू. रजिस्टर पत्राची सही घ्यायला आलेला पोस्टमन जिन्यावर उभा राहून "सार, स्वल्प बेगा," म्हणून घाई करत राहायचा आणि हे पावती पहिल्या ओळीपासून सुरू करायचे. मला त्यांनी पहिल्याच महिन्यात बजावलं होतं, "न वाचता घेतलेली सही ही सही नव्हे. शाई आहे नुसती."

त्यांच्या पत्नी इथे दोनच वर्षं राहिल्या. त्यांचा भाऊ बेंगळूरच्या एका कारखान्यात होता. तो इस्राएलला जायला निघाला तेव्हा त्याने दोघांसाठीही कागद तयार केले. त्या गेल्या, हे गेले नाहीत. जाण्याच्या आदल्या दिवशी त्या खाली येऊन सासूबाईंना म्हणाल्या, अक्का, मी त्यांना सोडून जात नाहीये, त्या वॉर्डाला सोडून जातेय. मी एकदा धीर करून विचारलं, की काका, तुम्ही का नाही गेलात. ते म्हणाले, "तिथे गेलो तर पोचलो असं होईल. मी पोचलेलो नाही, बाहेर गेलोय." पुढे म्हणाले, की पत्रकं वाटणारे म्हणत होते हा त्या देशाचा. तिथे जाऊन त्यांना खरं कशाला करू.

पत्नी तिकडेच वारल्या. पत्र अकराव्या दिवशी आलं. त्या अकरा दिवसांत आपण नेहमीसारखे जेवलो आणि एकदा विनोदसुद्धा केला, हे त्यांना सहन झालं नाही. त्यांच्या रीतीप्रमाणे ते सात दिवस जमिनीवर बसले. मधे रविवार आला. दहा वाजता त्यांनी दार उघडलं आणि खुर्चीशेजारी जमिनीवर बसून राहिले. बारापर्यंत.

आता त्यांच्याजवळच्या एका निळ्या फायलीबद्दल. अकरा कामांतलं पहिलं काम त्या फायलीत होतं. त्यांच्या वॉर्डातल्या एका धोब्याला भिंतीवर कागद चिकटवले म्हणून पकडून नेलं आणि कोठडीत तो मेला. ड्यूटीवरच्या डॉक्टरने मरणाची वेळ आणि अंगावरच्या जखमा एका चिठ्ठीवर लिहून धोब्याच्या बायकोच्या हातात दिल्या. दुसऱ्या दिवशी दप्तरी नोंद झाली, की आरोपी कोठडीतून पळाला. म्हणजे बाई विधवाही नाही आणि नवराही घरी नाही. ती चिठ्ठी हा एकच पुरावा होता. तो तिने वकीलसाहेबांकडे आणून दिला. ते निघाले तेव्हा चिठ्ठी त्यांच्या ट्रंकेत होती.

हे त्यांनी मला एकदाच सांगितलं, मी त्यांचं एक पत्र टाइप करत असताना. "ऑफिसात ठेवली असती तर जाळली असती. तिच्याकडे ठेवली असती तर हिसकावली असती. म्हणून मी आणली. वकिलाने सांभाळली आणि माणसाने पळवली. दोन्ही खरं आहे." अस्सल कागद टपालात घालायची त्यांची हिंमत नव्हती. त्या बाईला त्यांनी पत्रं पाठवली. एकाचंही उत्तर आलं नाही.

ते परदेशी नागरिक होते, त्यामुळे दर वर्षी राहण्याची परवानगी वाढवून घ्यावी लागे. अर्ज मी टाइप करायची. व्यवसायाच्या रकान्यात ते लिहायला लावायचे : नगरपालिका सदस्य, मुदत चालू. कचेरीतले लोक हसायचे आणि शिक्का मारायचे. इतकी वर्षं असंच चाललं. मग दोन्ही देशांत तणाव असलेलं एक वर्ष आलं आणि खुर्चीवर न हसणारा अधिकारी आला. माणूस वाईट नव्हता. त्याने मला समोर बसवलं आणि म्हणाला, मॅडम, तुम्हीच वाचा. त्या देशातला चालू लोकप्रतिनिधी तुमच्या माडीवर राहतो असं या कागदावर लिहिलंय. मी वर काय कळवू? पंधरा दिवसांत हमीपत्र हवं, की परदेशात माझं कोणतंही सार्वजनिक पद नाही आणि असलेलं मी सोडलं आहे. नाहीतर देश सोडण्याची नोटीस.

वकीलसाहेब तेव्हा एकोणऐंशी वर्षांचे होते. पासपोर्टची मुदत केव्हाच संपली होती आणि तिकडून नवा मिळत नव्हता. तिकडे घेणार नाहीत आणि इकडे ठेवणार नाहीत, मधे जे उरतं त्याला जाळीच्या खिडक्या असतात, हे त्यांनीच मला समजावून सांगितलं, एखाद्या दुसऱ्याची केस सांगावी तसं. मामंजी गेले होते. तुमच्या आजोबांच्या हृदयाचं दुखणं सुरू झालं होतं. पोलीस एकदा घरी येऊन, हे कुणाकुणाला पत्रं लिहितात, ते विचारून गेले. त्या रात्री आजोबांना झोप लागली नाही.

मी वर जाऊन म्हटलं, काका, एक ओळ आहे, सही करा.

ते म्हणाले, "सूनबाई, त्या एका ओळीत अकरा माणसं राहतात."

त्याच आठवड्यात त्यांच्या एका डोळ्याचं मोतीबिंदूचं ऑपरेशन झालं. त्यावर पट्टी होती, आणि दुसऱ्या डोळ्यातला मोतीबिंदू पिकला होता. तेराव्या दिवशी मी हमीपत्र टाइप केलं. कचेरीला चार कागद द्यायचे होते, त्यांत ते तिसरं ठेवलं आणि वर घेऊन गेले. त्यांनी पहिल्या कागदावरून बोटं फिरवली, जणू बोटांनी वाचता येईल. मग विचारलं, "वाचलंस ना?"

"वाचलं," मी म्हटलं.

त्यांनी चार सह्या केल्या. मी खोटं बोलले नव्हते, मी खरंच वाचलं होतं. हे वाक्य मी स्वतःला किती वेळा ऐकवलं आहे, त्याची मोजदाद नाही.

परवानगी मिळाली. दुसऱ्या डोळ्याचंही ऑपरेशन झालं, नवा चष्मा आला आणि त्यांचं वाचणं पुन्हा सुरू झालं. कचेरीतून परवानगीबरोबर अर्जाच्या प्रती आल्या होत्या, त्या मी कपाटात सगळ्यात खाली ठेवल्या होत्या. नीट ठेवल्या होत्या, फाइल करून, वर नाव लिहून. फाडून टाकायला हव्या होत्या. पण चौतीस वर्षांत मी एकही कागद फाडलेला नाही. एका गुरुवारी त्यांनी मागच्या वर्षीची फाइल मागितली. तुमच्या आजोबांनी ढीगच्या ढीग काढून त्यांना दिला.

दुपारी मी मागच्या पायरीवर अवरेकाईच्या शेंगा सोलत होते. ते एकेक पायरी उतरून आले, शेजारी बसले आणि हमीपत्राची प्रत माझ्यासमोरच्या वर्तमानपत्रावर, सालांच्या बाजूला ठेवली. मी सोलत राहिले. त्यांनीही एक शेंग उचलली आणि सोलली.

"हा कागद मी रद्द करू शकतो," ते म्हणाले. "एका अर्जाचं काम आहे. मजकूर न कळवता सही घेतली, एवढंच लिहायचं." मग दुसरी शेंग घेतली. "पण कुणी घेतली, तेही लिहावं लागेल. सरकारी कचेरीला खोटा कागद दिला म्हणून ते तुला बोलावतील. तुझ्या नवऱ्यालाही."

ते पुढे म्हणाले, "म्हणून तो कागद खरा आहे, असं मी ठरवलंय."

त्यानंतरच्या रविवारी दहा वाजता दार उघडलं नाही. साडेदहाला त्यांनी मला वर बोलावलं. कोट खुंटीवर होता. वहीत लिहिलेलं होतं : सदस्याने राजीनामा दिला. प्रलंबित कामे, अकरा. साक्षीदार म्हणून त्यांनी मला सही करायला सांगितली. मी पेन घेतलं तेव्हा म्हणाले, आधी वाच. मी वाचलं आणि सही केली. मग तुमच्या आजोबांनी आणि शेजारच्या अण्णांनी बाक खाली आणला. जिन्याखाली, तोंड भिंतीकडे. ते त्यांनीच सांगितलं होतं.

पाच महिने गेले. पुन्हा एक रविवार, सव्वादहाची वेळ. फाटकाशी चाळिशीचा एक माणूस उभा होता. हातात पिवळं पडलेलं पाकीट, त्यावर मीच टाइप केलेला आमचा पत्ता. मुलीच्या हृदयाच्या ऑपरेशनसाठी तो कराचीहून बेंगळूरला आला होता. ऑपरेशन झालं होतं आणि मुलगी बरी होती. दोन दिवसांनी परतायचं होतं. तो धोब्याचा मुलगा होता. मी त्याला आत घेतलं. जिन्याखाली वाकून त्याने बाकावरची उर्दू ओळ वाचली, बाक हळूच वळवला आणि त्यावर बसला. मी काही बोलायच्या आत त्याने विचारलं, माझा नंबर कितवा?

मी वर गेले. वकीलसाहेब भिंग घेऊन पेपर वाचत होते. कोण आलंय ते सांगितलं. भिंग जागच्या जागी थांबलं.

"सदस्य नाहीत म्हणून सांग."

"काका, तो धोब्याचा मुलगा आहे."

"ऐकलं मी. सदस्य नाहीत." आणि त्यांनी घड्याळाकडे पाहिलं.

मी खाली येऊन त्याला कॉफी दिली. काका आत्ता भेटू शकत नाहीत, म्हटलं. तो म्हणाला, थांबतो. मागे न टेकता, हात गुडघ्यांवर ठेवून तो पावणेदोन तास बसला. बाराचे ठोके पडले तसे वकीलसाहेब कठडा धरून उतरले. काखेत निळी फाइल होती. मी खुर्ची पुढे केली, ती त्यांनी बाजूला सारली आणि बाकावर, त्याच्या शेजारी बसले. उर्दूत म्हणाले, की वेळ संपली, आता मी कुणीच नाही. तुमच्या आईची एक वस्तू माझ्याकडे राहिली आहे, ती द्यायला आलोय.

मुलाने चिठ्ठी वाचली. बाप किती वाजता मेला, ते त्याला त्या दिवशी कळलं. मग तो शांतपणे बोलायला लागला. आई जाऊन सहा वर्षं झाली. पळालेला आरोपी म्हणून पोलीस शेवटपर्यंत घरी येत राहिले. कुठे लपवलाय, विचारायचे. आई म्हणायची, माझ्या माणसाचा कागद वकीलसाहेबांकडे आहे. लोक म्हणाले दुसरं काहीतरी प्रतिज्ञापत्र कर, साक्षीदार मिळतील. तिने केलं नाही. अस्सल कागद असताना नकली कशाला, म्हणायची. पत्रं मिळाली होती, पण वाचून दाखवणाऱ्याने घाबरवलं, उत्तर देऊ नका म्हणून. "अम्मी को आप पर पूरा यक़ीन था," तो म्हणाला. त्याला ते चांगलं म्हणूनच सांगायचं होतं. वकीलसाहेबांनी डोळे मिटले.

मग त्याने खिशातून एक छापील फॉर्म काढला. बापाची मेल्याची नोंद व्हावी म्हणून तो तिकडे खेटे घालत होता. जुन्या प्रकरणांत, चिठ्ठी असली तरी, वॉर्डाच्या सदस्याचा दाखला लागतो. तिथल्या एका म्हाताऱ्या कारकुनाने त्याला सांगितलं होतं, की तुमचे सदस्य अजून आहेत, त्यांची सही मी ओळखतो, ती आणलीस तर मी नोंद करतो. एवढ्यासाठी त्याने ते जुनं पाकीट जपून आणलं होतं.

वकीलसाहेबांनी फॉर्म वाचला. पहिल्या ओळीपासून, मागची बाजूसुद्धा. मी कॉफीचा ट्रे घेऊन उभी होते. त्यांनी एकदाच माझ्याकडे पाहिलं. रागाने नाही. साक्षीदाराच्या पिंजऱ्यातल्या माणसाकडे वकील पाहतो, तसं असावं.

काका, तो राजीनामा मी फसवून घेतला, तो राजीनामाच नव्हे, तुम्ही सदस्य आहात, सही करा. एवढंच बोलायचं होतं. घरात आम्ही तिघंच होतो. माझ्या मनात तुमच्या आजोबांचं दुखणं आलं, ती कचेरी आली, आणि शाळेत माझ्या नावामागे लोक जो शब्द वापरायचे तो आला, व्यवस्थित बाई. मी ट्रे घेऊन स्वयंपाकघरात गेले आणि कप विसळले.

बाहेर त्यांचा आवाज ऐकू आला. "मैंने इस्तीफ़ा दे दिया है, बेटा."

तो माणूस चिठ्ठी घेऊन गेला. फॉर्म कोराच गेला. त्या संध्याकाळी वकीलसाहेबांनी माझ्याकडे पोहे, गूळ, नारळ आणि फळं मागितली. त्यांच्याकडे नवस फेडताना त्याचा मलिदा करतात. त्या मुलीचं ऑपरेशन नीट झालं म्हणून त्यांनी तो केला. प्रार्थना एकट्याने म्हटली. मला वाटी भरून दिली. त्या दिवसाबद्दल ते पुढे कधीही बोलले नाहीत, आणि मीही नाही. पुढच्या उन्हाळ्यात ते गेले. त्यांच्या लोकांचं इथे एक लहानसं कब्रस्तान आहे. शेवटच्या प्रार्थनेला दहा पुरुष लागतात. शहरभर फोन करून सहा जमले. तुमचे आजोबा सातवे म्हणून रांगेत उभे राहिले. आपण मोजले जाणार नाही हे माहीत असून.

तेराव्या दिवशी मी त्यांची वही उघडली आणि त्यांच्या शेवटच्या नोंदीखाली लिहिलं : वरील राजीनामा ज्या हमीपत्रामुळे झाला, त्यावर सदस्यांची सही मी मजकूर न सांगता घेतली. ती सही नव्हे. सदस्यांची मुदत अखेरपर्यंत चालू होती. त्याची प्रत नोटरीकडून करून घेतली आणि धोब्याच्या मुलाने दिलेल्या पत्त्यावर रजिस्टर टपालाने पाठवली. पोचल्याची पावती आली नाही. नंतर आणखी दोनदा पाठवली. तो म्हातारा कारकून आता असणार नाही.

तुमची आई म्हणते, नव्या फ्लॅटमध्ये बाकाला जागा नाही. मी माप घेतलं आहे. दारासमोरच्या पॅसेजमध्ये बरोबर बसतो, तोंड लिफ्टकडे. तिथल्या सिक्युरिटीलाही मी सांगणार आहे, की रविवारी दहा ते बारा कुणी परगावचा माणूस पत्ता विचारत आला तर त्याला अडवू नकोस, वर पाठव.

हे सगळं तुमच्या आईलाही दाखवा. मी ते पहिल्या ओळीपासून दोनदा वाचलं, आणि मग खाली सही केली आहे.

तुमची आजी